कागदावरचा समुद्र

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार जण मालवणला गेलो होतो. रिलीज एकदाची पार पडली होती, मॅनेजरने सुट्टी नाकारायचं कारण उरलं नव्हतं, आणि चौघांपैकी एकाचं आजोळ तिकडचं. म्हणजे सोलकढीची सोय घरचीच :) दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून किल्ल्याच्या बाजूला गेलो, तोंडावर ते काचेचं झापड लावून पाण्यात डोकं खुपसलं. खाली निळे-पिवळे मासे, थोडी प्रवाळं, बराचसा गाळ आणि एक चिप्सचं पाकीट. (ब्रँड सांगत नाही.)

वर आल्यावर माझ्यातला अर्धवट अभ्यासू जागा झाला. होडीवाल्या काकांना म्हटलं, "काका, हे सगळं सागरी अभयारण्य आहे ना?"

काका हसले. म्हणाले, "तां कागदावर आसा. आमका कोणी इचारलां?"

मी गप्प बसलो. परतीच्या बसमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात याची रोज प्रचीती येते. ज्यांना वापरायचंय त्यांना न विचारता बनवलेलं सॉफ्टवेअर कुणी वापरत नाही. लोक गुपचूप जुन्या एक्सेल शीटकडे परत जातात. पण समुद्र म्हणजे काही एक्सेल शीट नव्हे. तिथे न विचारता काही केलं तर काय होतं? आणि विचारून केलं तर? पुढचे तीन-चार वीकेंड याच्या वाचनात गेले. त्यातून हाती लागलेल्या दोन गोष्टी आज सांगतो. एक फिलिपाईन्समधली, एक हिंदी महासागरातली. दोन्ही बेटांच्या, दोन्हीत प्रवाळं, दोन्हीत "आता इथे मासेमारी बंद" असा हुकूम. पण हुकूम काढणारा वेगळा.

*

आधी फिलिपाईन्स. सात हजारांहून जास्त बेटांचा देश. मासा म्हणजे रोजचं जेवण. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे दारूगोळा भरपूर उरला होता, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की एक स्फोट केला की मासे आपोआप वर येतात. जाळं नको, दिवसभर उन्हात बसणं नको. मग सायनाईडही आलं. पाण्यात सोडलं की मासा गुंगतो, हाताने उचलायचा. आणि तिसरा प्रकार म्हणजे 'मुरो-आमी'. पोहणाऱ्यांची मोठी रांग, बऱ्याचदा त्यात लहान पोरं, दोरीला बांधलेले दगड प्रवाळांवर आपटत मासे जाळ्याकडे हाकत नेणार. या प्रत्येक पद्धतीत मासा मिळतो आणि माशाचं घर मोडतं. प्रवाळ हे माशांचं घर, पाळणाघर आणि खानावळ, सगळं एकत्र. ते एकदा फुटलं की उभं राहायला कित्येक वर्षं लागतात.

नेग्रोस बेटावर डुमागेटे नावाचं गाव आहे, तिथे सिलिमन विद्यापीठ (स्थापना १९०१). तिथले एक प्राध्यापक, एंजल अल्काला. मूळचा अभ्यास बेडूक-सरड्यांचा, पण समुद्रकाठी वाढलेला माणूस. त्यांच्या डोक्यात एक साधी कल्पना होती. सगळा समुद्र बंद करायचा नाही, एक तुकडा बंद करायचा. तिथे मासे वाढू द्यायचे, मोठे होऊ द्यायचे. मोठी मादी लहान मादीपेक्षा कैक पटींनी जास्त अंडी घालते. जागा कमी पडली की मासे आपणहून कुंपणाबाहेर येतील आणि बाहेरच्या कोळ्यांना मिळतील. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. १९७० च्या दशकात "मासेमारी बंद केल्याने मासे जास्त मिळतील" हे कोळ्याला सांगणं म्हणजे "पगार कमी घे, श्रीमंत होशील" असं सांगण्यासारखं होतं.

पहिला प्रयोग झाला सुमिलॉन या बेटावर. सेबू बेटाच्या आग्नेय टोकाजवळचं हे एक चिमुकलं बेट, गाव असं काही नाही, समोरच्या किनाऱ्यावरचे कोळी तिथे मासेमारीला यायचे. १९७४ मध्ये विद्यापीठाने ऑस्लब नगरपालिकेशी बोलून बेटाभोवतीच्या प्रवाळांचा साधारण पाव भाग बंद केला. दहाएक वर्षं हे चाललं. बंद भागात मासे वाढलेच, पण उरलेल्या पाऊण भागातलं उत्पन्नही उत्तम राहिलं.

मग स्थानिक राजकारण बदललं. नवे सत्ताधारी आले, त्यांना या राखीव तुकड्याचं काही सोयरसुतक नव्हतं. १९८४ मध्ये संरक्षण कोसळलं. बंद तुकडा उघडला, स्फोटकं आली, मुरो-आमीवाले आले.

आता गंमत बघा. (गंमत म्हणजे शास्त्रज्ञांची, कोळ्यांची नव्हे.) अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांच्याकडे आधीची आकडेवारी होती. त्यांनी पुन्हा मोजलं. आता मासेमारीला आधीपेक्षा जास्त जागा उपलब्ध होती, अख्खं बेट मोकळं होतं. तरी एकूण उत्पन्न दीड-दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं! हा निबंध १९९० मध्ये छापून आला आणि सागरी संवर्धनाच्या जगात अजूनही त्याचा दाखला दिला जातो. कुणीही मुद्दाम असा प्रयोग करणार नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवरचा फायरवॉल काढून "बघू या काय होतं" म्हणण्यासारखं आहे हे. पण झालं ते झालं आणि उत्तर मिळालं.

अल्कालांनी मात्र यातून दुसराच धडा घेतला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सुमिलॉन राखलं होतं विद्यापीठाने आणि नगरपालिकेने. बेटावर राहणारं, "हे माझं" म्हणणारं कुणी नव्हतं. वरच्या खुर्चीवरचा माणूस बदलला की खाली सगळं बदललं.

*

सुमिलॉनच्या थोडं दक्षिणेला, नेग्रोसच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, आपो नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ७४ हेक्टर. पायी फिरायला एक सकाळ पुरते. ज्वालामुखीच्या खडकाचं, शेतीला जागा जेमतेम, वस्ती तेव्हा काहीशे माणसांची. जवळपास सगळी घरं मासेमारीवर. आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मासे कमी झाले होते. जवळ मिळेनात म्हणून लोक होड्या वल्हवत लांब लांब जायचे.

सिलिमनची मंडळी १९७६ च्या सुमारास इथे येऊ लागली. आल्या आल्या बोर्ड ठोकला नाही. बसले, बोलले, सुमिलॉनचे मासे दाखवले. बेटावरच्या लोकांनी ऐकून घेतलं आणि बराच काळ काहीच केलं नाही. (आपणही असंच करतो. जिमचं ब्रोशर आठवा.) शंका रास्त होती. एका घराचं आजचं जेवण जाणार, आणि त्याबदल्यात काय, तर प्राध्यापकांचा शब्द. हो-नाही करता करता तीनेक वर्षं गेली. शेवटी १९८२ मध्ये चौदा कुटुंबांनी ठरवलं, करून बघू. बेटाच्या आग्नेय बाजूला साधारण साडेचारशे मीटर किनाऱ्यासमोरचा, अकरा हेक्टरच्या आसपासचा प्रवाळाचा पट्टा बंद. पहारा कसा? किनाऱ्यावर एक माणूस बसवायचा, पाळीपाळीने. बस. बेट एवढं लहान की कोण कुठे होडी घेऊन गेला हे सगळ्या गावाला दिसतं. आपल्या चाळीत कसं, कुणाकडे पाहुणे आले हे जिन्यावर पाऊल पडताच कळतं, तसंच.

पुढची तीन-चार वर्षं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. बंद पट्ट्यात मासे वाढले, आकाराने मोठे झाले. मग उरलेली घरंही आली. १९८५-८६ मध्ये दाऊइन नगरपालिकेने याला नियमाचं रूप दिलं. आणि नुसता पट्टाच बंद ठेवला असं नाही. बेटाभोवतीच्या सगळ्या समुद्रात स्फोटकं, सायनाईड, मुरो-आमी बंद. बाहेरच्या बोटींनाही मज्जाव. राखणीला गावातलेच स्वयंसेवक, 'बांताय दागात', म्हणजे समुद्राचे राखणदार.

राखणदार! कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. फक्त आपला राखणदार अदृश्य असतो आणि त्याला वर्षातून एकदा कोंबडं-नारळ द्यावा लागतो. त्यांचा टॉर्च घेऊन होडीत बसायचा.

रस आणि अल्काला तिथे वर्षानुवर्षं जात राहिले आणि मोजत राहिले. १९८३ ते २००१ या अठरा वर्षांत बंद पट्ट्यातल्या दोन महत्त्वाच्या मत्स्यकुळांचं वजन तिप्पट झालं. (एक प्रवाळावरचं शेवाळ चरणारं, दुसरं मोठ्या भक्षक माशांचं, बेटावरच्या कोळ्यांच्या जाळ्यात आणि गळाला हेच जास्त येतात.) आणि बंद पट्ट्याच्या लगत बाहेरही मासे वाढले. कोळ्याला आता लांब जावं लागत नव्हतं. तेवढाच मासा कमी तासांत मिळू लागला. वाचलेल्या वेळात काय करायचं हे त्याचं त्याने ठरवलं. मग पाणबुडे पर्यटक आले, त्यांच्यामागून छोटी हॉटेलं आली, पैसा आला, आणि बेटावरची पोरं डुमागेटेला शिकायला जाऊ लागली.

आज फिलिपाईन्समध्ये गावपातळीवर राखलेले असे हजाराहून जास्त सागरी पट्टे आहेत. सगळे काही आपोसारखे चालत नाहीत. बरेचसे, काकांच्या भाषेत, कागदावर आसात. पण सुरुवात या बेटापासून झाली.

*

इथे गोष्ट संपवली असती तर छान सुखांत झाला असता. पण इतिहास हा प्राणी सुखांतावर थांबत नाही.

१९९२ मध्ये फिलिपाईन्सने संरक्षित क्षेत्रांचा राष्ट्रीय कायदा केला. हेतू चांगला होता. देशभरातली विखुरलेली अभयारण्यं एका छत्राखाली आणायची, कायद्याचं बळ द्यायचं. ९ ऑगस्ट १९९४ ला राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने आपो बेट त्यात सामील झालं. म्हणजे सन्मानच झाला. आणि योगायोग असा की त्या वेळी देशाचे पर्यावरणमंत्री होते खुद्द एंजल अल्काला.

पण त्याबरोबर कारभार गेला नव्या मंडळाकडे. अध्यक्षपद पर्यावरण खात्याकडे, सदस्यांत वेगवेगळी सरकारी खाती, नगरपालिका, संस्था आणि बेटावरचे काही प्रतिनिधी. ज्यांनी चौदा घरांपासून हे उभं केलं ते आता एका लांबलचक टेबलाच्या एका कोपऱ्यात. पर्यटकांकडून शुल्क घेणं सुरू झालं. कायद्याप्रमाणे त्यातले ७५ टक्के बेटाच्या व्यवस्थापनासाठी, २५ टक्के केंद्रीय निधीला. ऐकायला ठीक. पण सगळे पैसे आधी राजधानीच्या तिजोरीत जायचे आणि तिथून मंजुरी होऊन परत यायचे. ज्याने कधी हपिसातून प्रवासखर्चाचं बिल पास करून घेतलंय त्याला पुढचं सांगायला नको. पहाऱ्याच्या होडीला तेल आज लागतं, पैसे येणार कधीतरी.

२०१० मध्ये संशोधकांनी बेटावरच्या लोकांशी बोलून एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की गावाकडून केंद्राकडे जाणं हे चुकीचं वळण तर नव्हे? बेटावरचे लोक नाराज होते. मासे कमी झाले म्हणून नव्हे. आमचं आम्हाला विचारत नाहीत म्हणून. हा पैशाचा मुद्दा पुढे २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून थोडा सुटला. ७५ टक्के रक्कम स्थानिक मंडळानेच ठेवून घ्यायची सोय झाली.

आणि मग निसर्गानेही परीक्षा घेतली. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२, लागोपाठ दोन वादळं. नेमकी बंद पट्ट्याच्या बाजूने. तीस वर्षं राखलेली प्रवाळं लाटांनी चुरा केली. पट्टा पर्यटकांनाही बंद झाला. बाकीच्या बाजूची प्रवाळं वाचली, कारण स्फोटकं तिथेही कधीच बंद झाली होती. म्हणजे नुसतं देवघर स्वच्छ ठेवून भागत नाही, सगळं घर झाडावं लागतं.

अल्काला २०२३ च्या फेब्रुवारीत गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी. त्यांना १९९२ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. मला मात्र त्यांच्या कामात सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट पुरस्काराच्या मानपत्रात मावणारी नाही. तीन वर्षं थांबायची तयारी.

*

आता दुसरी गोष्ट. ही लिहिताना हात जरा जड होतो.

हिंदी महासागराच्या मध्यावर, मालदीवच्या दक्षिणेला, चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. पन्नासहून जास्त बेटं, त्यातलं सगळ्यात मोठं दिएगो गार्सिया. हे नाव आपल्या वडिलांच्या पिढीने पेपरात खूप वाचलंय, अमेरिकेचा तळ म्हणून. पण तळाआधी तिथे माणसं होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी नारळाच्या बागा लावायला आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. नंतर बेटं ब्रिटिशांकडे गेली, गुलामी संपली, हिंदुस्थानातूनही मजूर आले. या सगळ्यांची मिळून एक जमात झाली. त्यांची स्वतःची क्रिओल बोली, खोबऱ्याचं काम, मासेमारी, चर्च, पाच-सहा पिढ्यांच्या कबरी.

१९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी ही बेटं त्यापासून तोडली आणि नवी वसाहत बनवली. अमेरिकेला तळ हवा होता, आणि तळाभोवती माणसं नको होती. लंडनच्या कागदपत्रांत तेव्हा या लोकांबद्दल काय लिहिलं गेलं हे पुढे उघड झालं. एका टिपणात लिहिलंय की समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे मूळचे रहिवासी उरणार नाहीत. दुसऱ्यात त्या माणसांचा उल्लेख 'टारझन' आणि 'फ्रायडे' असा आहे. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार लोकांना तिथून हलवलं. कुणी उपचाराला मॉरिशसला गेला होता, त्याला परतीची बोटच दिली नाही. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं तेव्हा लोकांची पाळीव कुत्री खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडून गॅसने मारली. माणसांना बोटीत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरात उतरवलं. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांमध्ये त्यांची पुढची पिढी वाढली. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथले मराठी बांधव आठवतात, हनिमून पॅकेज आठवतं. हे लोक आठवत नाहीत. मलाही हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

त्यांनी कोर्टात धाव घेतली. ऑलिव्हिए बँकू हे त्यांचे नेते, लहानपणी बेट सोडावं लागलेले. २००० मध्ये लंडनच्या हायकोर्टात ते जिंकले. २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेला बाजूला ठेवून राणीच्या आदेशाने तो निकाल फिरवला. पुन्हा कोर्ट. २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते हरले. आता युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयाकडे डोळे होते.

आणि १ एप्रिल २०१० ला ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी घोषणा केली. चागोसभोवतीचा सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र आता संरक्षित! म्हणजे दोन महाराष्ट्र बसतील एवढा. व्यापारी मासेमारी पूर्ण बंद. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं मासेमारीमुक्त सागरी क्षेत्र होतं. जगभरच्या पर्यावरणप्रेमींनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा ही बातमी वाचली असती तर मीही वाजवल्या असत्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात विकिलीक्सने अमेरिकन वकिलातीची एक तार उघड केली. मे २००९ ची. तीत एका ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकनांना दिलेल्या खुलाशाची नोंद आहे. असं राखीव क्षेत्र केलं की जुन्या रहिवाशांच्या परतण्याच्या मागण्यांतला जीव जाईल, असा त्याचा अर्थ. घर परत दिलं तरी दारात मासा मारायची परवानगी नसेल, तर तिथे जाऊन माणूस खाणार काय? आणि नियमाची सूट कुणाला, तर तळाला. दिएगो गार्सिया आणि त्याच्या लगतचा समुद्र राखीव क्षेत्रातून वगळला होता. तळावरच्या लोकांना हौसेची मासेमारी चालू!

मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ठरवलं की मॉरिशसशी नीट सल्लामसलत न करता हे क्षेत्र घोषित करून ब्रिटनने सागरी कायद्याच्या कराराचा भंग केला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मत दिलं की बेटं तोडणंच बेकायदा होतं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं, तळासाठी दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे, आणि बाकीच्या बेटांवर वस्ती करायची मुभा मॉरिशसला. सागरी संरक्षित क्षेत्राचीही तरतूद त्यात आहे. आणि चागोसच्या कितीतरी लोकांची तक्रार काय होती? याही वेळी आम्हाला विचारलं नाही. वाद अजून थांबलेला नाही.

*

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चागोसमधलं विज्ञान खोटं नाही.

२०१८ मध्ये 'नेचर'मध्ये तिथल्या बारा बेटांचा अभ्यास आला. सहा बेटांवर उंदीर, सहांवर नाहीत. उंदीर जुन्या बोटींतून आलेले, पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाणारे. बिनउंदरांच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट! पक्षी दूर समुद्रात मासे खातात, बेटावर येऊन विष्ठा टाकतात, ते खत पावसाने आणि लाटांनी प्रवाळांवर उतरतं, आणि तिथे माशांचं एकूण वजन सुमारे ४८ टक्क्यांनी जास्त भरतं. म्हणजे जमिनीवरचा उंदीर हटवला तर पाण्यातलं प्रवाळ सुधारतं. एका सिस्टीममधल्या बगचं मूळ भलत्याच मॉड्यूलमध्ये सापडावं तसं आहे हे, आणि वाचताना मला खरोखर आनंद झाला. एका लहान बेटावरून २०१४ मध्ये उंदीर हटवलेही. आता पुढचं काम म्हणजे नारळाच्या जुन्या बागांच्या जागी मूळचं जंगल परत आणायचं.

आणि इथे मी अडकलो. त्या नारळाच्या बागा कुणी लावल्या? गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांनी. पर्यावरणाच्या हिशोबात ती बाग म्हणजे बिघाड. बेटावरून काढलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हिशोबात ती तिच्या बापाची खूण. दोन्ही खरं आहे. पुनर्स्थापना म्हणजे पूर्वी होतं तसं करणं. पण पूर्वी म्हणजे कधी? १७०० साली? की १९६५ साली, जेव्हा तिथे घरातून धूर निघत होता? ही तारीख कोण ठरवणार? शास्त्रज्ञाला एकट्याला ती ठरवता येत नाही, कारण तो शास्त्राचा प्रश्नच नाही. काही संवर्धन संस्थांना पुढे हे उमगलं आणि त्यांनी चागोसी तरुणांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. उशिरा का होईना.

आणि एवढा समुद्र बंद करूनही २०१५-१६ मध्ये पाणी तापलं तेव्हा चागोसची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. गरम पाण्याला संरक्षित क्षेत्राची हद्द कळत नाही. माणसं बाहेर ठेवली म्हणजे समुद्र वाचला, हे समीकरण तिथेही पूर्ण सुटलं नाही.

*

तर मालवण. १३ एप्रिल १९८७ ला महाराष्ट्र सरकारने सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. राज्यातलं पहिलं. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हा सगळा परिसर त्यात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला त्या किल्ल्यात आजही काही घरं नांदतात, म्हणजे अक्षरशः बेटावरचे लोक. मच्छिमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला. अभयारण्य म्हटलं की पोटावर पाय येणार ही भीती. वर्षं गेली, घोषणा राहिली, अंमलबजावणी रखडली.

पण तेच मालवणचे पारंपरिक मच्छिमार पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, प्रकाशझोतातल्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरताहेत. म्हणजे समुद्र राखावा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. रापण ओढायला अख्खी वाडी लागते आणि मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही हा नियम कुठल्याही सरकारी बंदीहुकुमापेक्षा जुना आहे. त्या नियमामागे वादळाची भीती होती हे खरंच, पण माशांना अंडी घालायला सवड मिळायची हेही खरं. तो मोडायला कुणी धजावत नसे, कारण तो त्यांचा स्वतःचा होता.

मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नाही, शनिवार-रविवारचा वाचक. त्यामुळे मालवणात काय करावं हे सांगायचा आगाऊपणा करणार नाही. पण सुमिलॉन, आपो आणि चागोस एकापुढे एक ठेवून पाहिली की मला एवढं दिसतं. कुंपण तिन्ही ठिकाणी घातलं. सुमिलॉनचं चांगलं होतं, पण त्याला मालक नव्हता, ते एका निवडणुकीच्या फटक्यात गेलं. चागोसचं प्रचंड होतं, आणि ते मालकालाच बाहेर ठेवण्याच्या कामी आलं. आपोचं सगळ्यात लहान, जेमतेम अकरा हेक्टर. ते चार दशकं टिकलं. वादळाने मोडलं तरी राखायला माणसं उरली, आणि सरकारने चुकीचं वळण घेतलं तेव्हा तक्रार करायलाही माणसं उरली.

आपण शहरातली मंडळी अशी बातमी वाचतो तेव्हा आकडा बघतो. इतके लाख चौरस किलोमीटर संरक्षित! आणि मनातल्या मनात एक चांगलं काम झाल्याचं समाधान घेऊन पुढच्या टॅबवर जातो. मी तरी जातो. आता ठरवलंय की आकड्याच्या आधी काकांचा प्रश्न विचारायचा.

परवा त्या मित्राला फोन केला तेव्हा म्हणाला, काका विचारत होते, पुन्हा कधी येताय. म्हटलं, येतो. या खेपेला पाण्यात डोकं खुपसायच्या आधी तासभर त्यांच्याशी बोलायचंय. आणि हो, ते चिप्सचं पाकीट आम्ही वर काढून आणलं होतं. बाकी काही नाही तर तेवढं तरी.

असो. सोमवार आलाच.